हाडं मोडली तरी बेहत्तर

३ जून, सोमवार

ठमे,

मामाचा आशीर्वाद घे. उजव्या हाताचा आहे, त्यामुळे जरा वाकडा आहे.

व्यायामवाली बाई म्हणते, रोज एक पान हाताने लिहा. कुणाला लिहू म्हटलं, तर म्हणते, कुणालाही. म्हणून तुला. फोन मी करत नाही. झटका आल्यापासून जीभ अडखळते, आणि ती अडखळली की पलीकडचा माणूस मोठमोठ्याने बोलायला लागतो. झटका हाताला आणि जिभेला आलाय, कानाला नाही.

तुझ्या कंपनीचं खेळाचं यंत्र पोचलं. बाईच म्हणाली होती की बोटांना चांगलं. खेळ ठीक आहे. चाळीस मजली इमारत, आणि दोरीवर लोंबकळत काचा पुसणारा माणूस. खिडकीची झडप उघडली की काच पुसायची, मिटायच्या आत बाजूला व्हायचं, नाहीतर खाली. तो पडतो, कपडे झटकतो आणि काही न बोलता पुन्हा वर चढतो. असा कामगार मला दुकानात कधी मिळाला नाही.

पण सुरुवातीलाच यंत्र विचारतं, किती कठीण हवं? ‘फिरायला आलोय’, ‘कामावर आहे’ की ‘हाडं मोडली तरी बेहत्तर’? अगं, चाळीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त केली. गिऱ्हाईक कधी म्हणालं नाही की आज सोपं देऊ की अवघड. आलं ते उघडलं. मी अर्थातच ‘हाडं’ घेतलं. पहिल्याच मजल्यावरून एकसष्ट वेळा पडलो. तुझी मामी शेजारी बसून मटार सोलत होती, एका पडण्याला एक शेंग बाजूला ठेवत होती, म्हणून आकडा पक्का आहे. मग पातळी खाली आणायला गेलो तर यंत्र विचारतं, ‘नक्की? फार कठीण जातंय का?’ मी ते बंद केलं. अपमान करायचा तर माणसाने करावा. हे वाक्य ज्याने लिहिलं त्याचं नाव मला कळव.

आता मुद्द्याचं. झटका आला तेव्हा टेबलावर मामीचं घड्याळ उघडं होतं. दर वर्षी मी ते उघडून साफ करतो. अडतीस वर्षं झाली, एक मिनिट मागे पडलेलं नाही. आता त्याचे तुकडे काचेच्या वाडग्याखाली पडून आहेत. कोपऱ्यावरचा दुसरा घड्याळजी, ज्याला मी खाटीक म्हणतो, दोनदा येऊन विचारून गेला, जोडून देऊ का? माझ्या तिरडीवरूनही नको म्हणावं. मीच जोडणार. पण हात तयार झाला की नाही हे कसं कळणार? बाई काहीही केलं तरी ‘छान, छान’ म्हणते. मामी डोळे मिटून घेते. तेव्हा मी ठरवलंय की ‘हाडं’ पातळीवर निम्मी इमारत, म्हणजे वीस मजले चढलो की वाडगा उचलायचा. यंत्र तरी खोटं बोलणार नाही.

मामा

११ जून, मंगळवार

मामा, नमस्कार.

ते वाक्य माझं आहे.

त्यावर तीन तास मीटिंग झाली होती. आधी तिथे ‘घाबरलात?’ असं होतं, ते मी भांडून काढायला लावलं. माझी नोकरीच ही आहे. खेळ कुणाला किती कठीण जावा हे ठरवायचं. आई अजून सगळ्यांना सांगते की ठमी कॉम्प्युटरमध्ये असते, जशी काही मी आत अडकलेय.

तुम्ही एकटे नाही. ‘हाडं’ घेणारे बहुतेक लोक दुसऱ्या दिवशी खेळच सोडतात. पातळी खाली आणणार नाहीत, जीव गेला तरी. ‘फिरायला आलोय’ हे नाव मी मुद्दाम ठेवलं होतं, म्हणजे सोपी पातळी घेताना कुणाला लाज वाटू नये. तरी वाटतेच. मामा, तुम्ही मधली घ्या. आणि वाडग्याची घाई करू नका. मामी फोनमध्ये वेळ बघते, तिचं काही अडत नाही.

तुमचं अक्षर वाचता आलं. शेवटच्या चार ओळी थोड्या उतरणीला लागल्या होत्या, पण पोचल्या.

सोबतच्या डबीत खेळाची नवी आवृत्ती आहे. ही लावली की जुनी आपोआप पुसली जाते. किरकोळ दुरुस्त्या केल्यात, विशेष काही नाही.

ठमी

२० जून, गुरुवार

ठमे,

नऊ मजले! ‘हाडं’वर! मधली बिधली काही नाही.

पहिले दोन दिवस आपटलो तेवढा आपटलो. तिसऱ्या दिवशी हात वळला. मामीने मटार सोलणं थांबवलं आणि चष्मा आणला. गंमत सांगतो, झडप आता मला सावकाश मिटताना दिसते. दुकानात अगदी असंच व्हायचं. हात नवीन असताना सगळं डोळ्यांदेखत उडून जातं, आणि हात तयार झाला की एका सेकंदात माणूस चहा पिऊन येतो. ते मला परत आलंय ठमे. मला वाटलं होतं गेलं ते गेलं.

आज सकाळी सदऱ्याची बटणं मी लावली. वरचं राहिलं. वरचं मी तसंही लावत नाही.

त्या वाक्याबद्दल तुला माफ केलं.

मामा

२८ जून, शुक्रवार

मामा, नमस्कार.

नऊ मजले म्हणजे खरंच कमाल. तुमचं पत्र मी ऑफिसात वाचून दाखवलं. ‘मला परत आलंय’ या वाक्यापाशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमचे साहेब सहसा टाळ्या वाजवत नाहीत, त्यांनीही दोन वाजवल्या.

पण मामा, खेळ तो खेळ. त्यात मोठी दोन बटणं दाबायची असतात. चिमट्याचं काम निराळं, हे मी तुम्हाला सांगायला नको. व्यायामवाल्या बाईंना विचारल्याशिवाय वाडग्याला हात लावू नका. हवं तर चाळीस मजले पुरे करा आधी. वीस जरा कमीच होतात.

इकडे बाकी ठीक. माझ्या खुर्चीचं एक चाक निघालंय, ती डावीकडे जाते.

ठमी

५ जुलै, शुक्रवार

ठमे,

बावीस. थांबता येईना म्हणून दोन जास्त.

तू म्हणतेस चाळीस. वीस ठरले होते. घोडा शर्यत जिंकला की मैदान लांब करायचं, ही कुठली रीत? बाईला विचारलं. ती म्हणाली, छान, छान.

सोमवारी सकाळी वाडगा उचलतो. उजेड चांगला असतो तेव्हा. टेबल पुसून ठेवलंय, भिंग घासलंय, चिमट्यांची टोकं तपासली. मामीला सांगितलं, तुझं घड्याळ सोमवारी संध्याकाळी मनगटावर. ती म्हणाली, बरं. पण दोनदा म्हणाली.

झटका आल्यापासून मी रोज सकाळी उठून विचार करायचो की आता मी कोण? घड्याळजी की नुसता म्हातारा? आता विचारत नाही.

मामा

८ जुलै, सोमवार, दुपार

मामा,

तुमचं पत्र आत्ता, साडेअकराला हातात पडलं. लगेच फोन केला. मामीने उचलला आणि कुजबुजली, “आत्ता नको गं, ते भिंग लावून बसलेत.” मी “बरं” म्हणून ठेवला. सांगायला हवं होतं. म्हणून हे लिहितेय, आणि मला पक्कं माहीत आहे की हे पोचायला तीन दिवस लागणार.

त्या डबीतल्या आवृत्तीत किरकोळ दुरुस्त्या नव्हत्या. माणूस पडला की पुढच्या वेळी झडप थोडी जास्त वेळ उघडी राहते. पुन्हा पडला की आणखी थोडी. पडद्यावर काही दिसत नाही. पातळीचं नाव ‘हाडं’च राहतं. लोकांनी खेळ सोडू नये म्हणून ही युक्ती मी काढली होती, आणि ती आधी कुणावर तरी करून बघायची होती. तुमच्या अक्षरावरून मला वाटलं, तुम्ही चिडून सोडून द्याल. मी तुमच्यावर करून बघितली.

तुम्ही बाविसाव्या मजल्यावर पोचलात तेव्हा तुमची ‘हाडं’ ही आमच्या ‘फिरायला आलोय’पेक्षाही सोपी झालेली असणार. झडप तुम्हाला सावकाश मिटताना दिसत नव्हती मामा. ती सावकाशच मिटत होती.

टाळ्या वाजल्या त्या दिवशीच मला कळलं होतं, हे चुकलंय. तरी मी ‘चाळीस करा’ म्हणाले, खरं बोलले नाही. घड्याळाला काही झालं नसेल तर हे पत्र फाडून टाका. झालं असेल तर मला काय ते बोला.

ठमी

१२ जुलै, शुक्रवार

ठमे,

मी मामी. ह्यांच्या व्यायामाच्या कागदामागे लिहितेय, दुसरा कागद शोधायला उठले तर हे विचारतील काय करतेस.

तुझं पत्र काल आलं. ह्यांनी वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं आणि खेळाचं यंत्र कपाटात चादरींच्या खाली ठेवलं. मग पत्र मीही वाचलं.

सोमवारी काय झालं ते सांगते. निम्मं घड्याळ जोडलंसुद्धा त्यांनी. मग ती केसासारखी स्प्रिंग असते ना, आतल्या चाकावरची, ती चिमट्यात धरली आणि हात उडाला. स्प्रिंग अशी ताणली गेली की तुटलीच. तू फोन केलास त्याच्या आधी अर्धा तास झाला होता हे सगळं, तेव्हा फोनवर सांगितलं असतंस तरी उपयोग नव्हता. ते डोक्यातून काढून टाक. मी तुला ‘भिंग लावून बसलेत’ म्हणाले, ते खरंच होतं. भिंग काढत नव्हते. भिंग लावलं असलं की डोळे पुसावे लागत नाहीत आणि मला ते दिसतही नाहीत, असं त्यांना वाटतं.

घड्याळाचं मला काही नाही गं. एक सांगते, पोटात ठेव. ते घड्याळ लग्नापासून दिवसाला चार मिनिटं मागे पडतं. अडतीस वर्षं रोज सकाळी रेडिओवर वेळ सांगतात तेव्हा मी ह्यांच्याकडे पाठ करते आणि काटे पुढे घेते. दर वर्षी ते उघडतात, साफ करतात, कानाला लावतात आणि म्हणतात, एक मिनिट मागे नाही. मी म्हणते, नाहीच मुळी. आता घड्याळजीच्या बायकोचं घड्याळ मागे पडतं हे बरं दिसतं का? तेव्हा तू केलंस ते मला कळतं. मी तुला नावं ठेवू शकत नाही. पण ते खूप दुखावलेत.

तू त्यांना लिही. मी सांगितलं हे सांगू नकोस.

मामी

१९ जुलै, शुक्रवार

ठमे,

मला काय ते बोला, असं लिहिलंस. बोलतो.

घड्याळ खोटं बोललं तर चालतं. त्यासाठी मी आहे. पण ज्या यंत्रावर घड्याळ तपासायचं ते यंत्र खोटं बोलायला लागलं तर दुकान बंद करावं. मी तुझ्याकडे खेळायला आलो नव्हतो. माप मागायला आलो होतो. माझ्याभोवतीचे सगळे ‘छान, छान’ करत होते, एक तू उरली होतीस. तूही छान, छानच केलंस. तेही बावीस मजले.

मलाही लाज वाटते. मला कळायला हवं होतं. पहिल्या दिवशी ती झडप माझ्या भिंतीवरच्या घड्याळाच्या दोन टिकटिकींत मिटायची. बाविसाव्या मजल्यावर मी सात मोजल्या. मोजल्या गं! आणि समजलो काय, तर मी शांत झालोय. जन्मभर दुसऱ्याचा वेळ तपासला आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा खुशामत गोड लागली.

तुझ्यावर राग आहे. तो किती दिवस राहील ते सांगता येत नाही, त्याचं माप माझ्याकडे नाही.

जुनी आवृत्ती, ती न सुधारलेली, पाठव.

मामा

२६ जुलै, शुक्रवार

मामा, नमस्कार.

राग ठेवा. मी घाई करणार नाही.

सोमवारी मी साहेबांना म्हटलं की ही युक्ती मागे घेऊ. ते म्हणाले, अगं, तुझ्याच मामांना केवढा आनंद झाला! मी तुमचं १९ तारखेचं पत्र वाचून दाखवलं. या वेळी टाळ्या नाहीत. एकाने उठून खिडकी उघडली.

भांडून एवढं मिळालं: मदत राहील, पण दिसेल. कोपऱ्यात लिहिलेलं असेल, ‘मदत चालू’ किंवा ‘मदत बंद’, आणि बटण खेळणाऱ्याच्या हातात. न विचारता काही होणार नाही. ‘नक्की? फार कठीण जातंय का?’ हेही काढलं. आता पातळी बदलली की यंत्र नुसतं ‘बरं’ म्हणतं. हा शब्द ठरवायला मीटिंग घेतली नाही.

ती आवृत्ती सोबत आहे, मदत बंद करून. जुनीही ठेवलीय. खरी कुठली हे तुमच्या भिंतीवरच्या घड्याळावर मोजून घ्या. माझ्या शब्दावर जाऊ नका.

मामा, त्या बावीस मजल्यांतले पहिले काही तुमचे होते. किती, ते मला सांगता येत नाही, कारण मीच ते कळेनासं करून ठेवलं. त्याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

ठमी

१८ ऑगस्ट, रविवार

ठमे,

मामाचा आशीर्वाद. राग साधारण सहाव्या दिवशी उतरला. तुला उशिरा कळवतोय, कारण मधे कामं होती.

तुझी आवृत्ती मोजली. दोन टिकटिकी, बरोबर. ‘हाडं’वर मी पहिला मजलासुद्धा चढत नाही. ‘कामावर आहे’वर एक. तेव्हा ‘फिरायला आलोय’ घेतलं. यंत्र म्हणालं, बरं. मी म्हटलं, बरं. तीन मजले चढलो. माझे, आणि खरे.

तीन मजल्यांच्या हाताने स्प्रिंग बसत नाही, हे माप आता माझ्याकडे आहे. म्हणून तुकडे डबीत घातले आणि खाटकाकडे गेलो. तीस वर्षांत त्याच्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो. त्याने वर न बघता स्टूल पुढे सरकवलं. त्याच्याकडे तशीच स्प्रिंग निघाली. त्याने बसवली. चांगली बसवली, हे मी फक्त तुला सांगतोय. मग म्हणाला, झाकण? मी म्हटलं, झाकण माझं. म्हणाला, मदत? म्हटलं, बंद. अकरा मिनिटं लागली. दोनदा त्याचा हात पुढे आला आणि दोन्ही वेळा त्याने तो खिशात घातला. मी त्याला आता खाटीक म्हणणार नाही. दुसरं काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही.

आणि तिथेच घोळ झाला. त्याने घड्याळ अचूक लावून दिलं.

मामीने तुला सांगितलं असणारच. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, ही एकच गोष्ट तिने अडतीस वर्षं सांभाळली. अगं, घड्याळाची घुंडी रोज ओढली की आतला दांडा झिजतो. नुसती चावी देणाऱ्याचा तसा झिजत नाही. तिसऱ्या वर्षीच मला दिसलं. रेडिओच्या वेळेला ती पाठ का करते तेही कळलं. पहिली दोन वर्षं ती चार मिनिटं मला खरंच सापडली नव्हती. तिसऱ्या वर्षी सापडली. पण काढली असती, तर मला कळलंय हे तिला कळलं असतं. म्हणून दर वर्षी घड्याळ साफ करायचं आणि चार मिनिटं होती तशी परत ठेवायची. घड्याळ अचूक लावणं कुणालाही जमतं. बरोबर चार मिनिटं मागे, तीन नाही की पाच नाही, हे लावून दाखवायला घड्याळजी लागतो.

लपवून केलेल्या मदतीवर तुला एवढं सुनावलं, आणि माझ्या घरात हे असं. फरक एवढाच ठमे, की मला माहीत होतं.

तर घड्याळ अचूक आलं. पाच दिवस मी बघत होतो. मामी सकाळी रेडिओपाशी जायची, पाठ करायची, घुंडी ओढायची आणि तशीच उभी राहायची. करायला काही नाही. सहाव्या दिवशी ती नुसती खिडकीत बसली. मला ते सहन होईना.

काल ती अंघोळीला गेली तेव्हा मी झाकण उघडलं. आत वेग कमीजास्त करायची एक लहान पट्टी असते, ती लाकडी काडीने केसभर मागे सरकवायची. एवढंच काम. हात थरथरला, पण काही तुटलं नाही. झाकण सात मिनिटांत बसलं.

आज सकाळी तिने पाठ केली आणि किती तरी वेळ काटे फिरवत होती. मी मागून मोजलं. नऊ मिनिटं मागे पडतंय. माझ्याकडे वळली तेव्हा चेहरा असा उजळला होता. म्हणाली, “तुमच्या हाताला कुठे काय झालंय? एक मिनिट मागे नाही.” मी म्हटलं, नाहीच मुळी.

नऊ जास्त आहेत. चारवर आणायची आहेत, त्याला वेळ लागेल. सध्या ‘फिरायला आलोय’, चौथा मजला, मदत बंद.

मामीला सांगू नकोस.

मामा